पेन्टियम आणि ॲथलॉन : एका शर्यतीची हकीकत

दोन मल्लांत सरस कोण, हे ठरवायला फारशी विद्वत्ता लागत नाही. एकाची पाठ मातीला लागली की वाद मिटतो आणि फेट्याचा मानकरी कोण हे शेंबड्या पोरालाही कळते. संगणकाच्या प्रोसेसरांचे तसे नाही. सिलिकनची ती इवलीशी चकती पंख्याच्या बुडाशी दडून बसलेली असते. तिचे कर्तृत्व डोळ्यांना दिसत नाही. मग गिऱ्हाइकाने पाहावे तरी काय? तो खोक्यावरचा आकडा पाहतो. ह्या शतकाच्या आरंभी पाचसहा वर्षे तो आकडा होता गिगाहर्ट्झचा, आणि त्याने गिऱ्हाइकांनाच नव्हे, तर खुद्द कारखानदारांनाही कसे झुलवले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. ‘मुलांच्या खेळांना कोणता बरा आणि घरच्या कामाला कोणता?’ हा प्रश्न दिवाळीच्या खरेदीत आजही निघतो. तेव्हा ती येथे सांगितलेली अप्रस्तुत ठरू नये.

ह्या शर्यतीतली दोन घराणी म्हणजे इंटेल आणि एएमडी. दोन्ही कॅलिफोर्नियातली, आणि दोन्ही एकाच वाड्यातून फुटून निघालेली. त्या वाड्याचे नाव फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर. तेथून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर ह्यांनी १९६८ साली इंटेल काढली. पुढच्याच वर्षी जेरी सँडर्स व त्यांच्या सात सहकाऱ्यांनी एएमडी काढली. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्यूटर बाजारात आणला तेव्हा त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर बसवला. पण एकाच दुकानदारावर विसंबून राहणे त्या सावध कंपनीला मानवेना. म्हणून इंटेलने १९८२ साली एएमडीशी करार करून आपल्या प्रोसेसरांच्या नकला बनवण्याची तिला मुभा दिली. पुढे ३८६ ह्या प्रोसेसरच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला आणि भाऊबंदकी सुरू झाली. ते तंटे १९९५ सालापर्यंत चालले. आपल्याकडे बांधाच्या वादात दोन पिढ्या जातात. त्या मानाने हे लवकर मिटले म्हणायचे!

ह्या दोन घरांत एक दुवा आपल्या पुण्याचा आहे. पेन्टियमचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले, दिल्लीत व अमेरिकेत शिकले आणि इंटेलमध्ये नावारूपाला आले. १९९३ साली पेन्टियम बाजारात आला. त्यानंतर दोन वर्षांनी धाम नेक्सजेन नावाच्या लहान कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ साली के-सिक्स हा प्रोसेसर पेन्टियमच्या समोर उभा ठाकला. एकाच गृहस्थाचा हात दोन्ही फडांत लागावा, हा योग विरळाच.

आता त्या गिगाहर्ट्झकडे वळू. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर काम एकेक पाऊल पुढे सरकते. १९८१ च्या त्या पर्सनल कॉम्प्यूटरचे घड्याळ सेकंदाला सत्तेचाळीस लाखांवर ठोके देई. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. ही वेस आधी कोण ओलांडतो ह्यावर दोन्ही घराण्यांची प्रतिष्ठा पणाला लागली होती. ६ मार्च २००० रोजी एएमडीने आपला ॲथलॉन तेथवर पोचल्याचे जाहीर केले. इंटेलचा पेन्टियम थ्री ८ मार्चला पोचला. दोन दिवसांचे अंतर! पण धाकट्या घराण्याने थोरल्याला मागे टाकले, ही गोष्ट इंटेलच्या जिव्हारी लागली असल्यास नवल नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री घाईने आणला आणि तो भरवशाचा नाही असे परीक्षकांनी दाखवून दिल्यावर महिन्याभरात परतही घेतला.

मग २० नोव्हेंबर २००० रोजी पेन्टियम फोर आला. पहिल्याच दिवशी त्याचा आकडा दीड गिगाहर्ट्झ. ही रचना पुढे दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, अशी इंटेलची अपेक्षा होती. घड्याळाची ही गती वाढवली कशी, ते समजून घेण्यासारखे आहे, आणि त्यासाठी घरच्या स्वयंपाकघरापलीकडे जाण्याची गरज नाही.

करंज्या करायला दहा जणी ओळीने बसल्या आहेत अशी कल्पना करा. एक लाटी तोडते, दुसरी लाटते, तिसरी सारण भरते, कोणी कडा दाबते, कोणी कातते, शेवटची तळणीत सोडते. टाळी वाजली की प्रत्येकीने हातातली करंजी पुढे सरकवायची. आता दहाच्या जागी वीस जणी बसवल्या आणि कामाचे आणखी बारीक तुकडे केले, तर प्रत्येकीचे काम अर्धे झाले. टाळ्या दुप्पट वेगाने वाजवता येतील. पेन्टियम थ्रीच्या ओळीत साधारण दहा टप्पे होते, पेन्टियम फोरच्या वीस. टाळ्यांचा वेग वाढला तो असा. खोक्यावर आकडा छापला जातो तो टाळ्यांचा. करंज्या किती झाल्या ह्याचा नव्हे.

बरे, घोटाळा कोठे होतो? पुढचा घाणा कशाचा, हे आजी ऐनवेळी सांगणार. पण तोवर हात रिकामे ठेवणे परवडत नाही, म्हणून सुना अंदाजाने काम सुरू करतात. अंदाज खरा ठरला तर उत्तमच. पण ‘अगं बायांनो, आता करंज्या पुरे, चिरोटे करायचे आहेत,’ असे आजींनी म्हणताच ओळीतला सगळा अर्धामुर्धा माल बाजूला सारून पहिल्या हातापासून प्रारंभ करावा लागतो. ओळ जितकी लांब तितके नुकसान अधिक. प्रोसेसरचेही असेच: ‘अमुक झाले तर हे कर, नाहीतर ते कर’ अशा आज्ञा आल्या की तो अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की केलेले काम टाकून देतो.

खेळ आणि इतर काम ह्यांतला भेद येथेच आहे. चलच्चित्राचे रूपांतर करायचे असेल तर तीच क्रिया लाखो वेळा, एकामागून एक. आजी मध्येच काही बोलत नाहीत. अशा कामात पेन्टियम फोर मोठ्या दिमाखाने पळे. खेळात मात्र शत्रू कोठून येईल, खेळाडू डावीकडे वळेल की उजवीकडे, ह्याचा क्षणोक्षणी नवा निवाडा. तेथे आखूड ओळीचा ॲथलॉन कमी ठोक्यांत अधिक काम उरकी. अपवाद होते. १९९९ च्या क्वेक थ्री ह्या खेळात पेन्टियम फोरचे पारडे आरंभापासून जड होते, आणि जाहिरातदारांना एवढे पुरते. उलट कचेरीच्या नित्याच्या कामांत दीड गिगाहर्ट्झचा तो नवा पेन्टियम १.२ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनच्या मागे पडे. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे ह्या कामांपुरते माझे मत विचाराल तर ही चुरसच व्यर्थ: दोन्ही प्रोसेसर बहुतेक वेळ आपल्या बोटांची वाट पाहत बसलेले असतात. तेथे आणखी थोडी मेमरी घेतलेली बरी.

पण बाजारात हे कोणाला समजावणार? एएमडीने २००१ च्या ऑक्टोबरात युक्ती काढली. १.३३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉन एक्सपीचे नाव तिने ‘१५००+’ ठेवले. ही संख्या आपल्याच जुन्या ॲथलॉनच्या मानाने आहे, असे कंपनीचे म्हणणे. गिऱ्हाईक ती पेन्टियम फोरशी ताडून पाही, आणि कंपनीला त्याचे दुःख झाले नसावे. मुंबईत डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, सुटे भाग जुळवून संगणक बांधून देणाऱ्या दुकानांतून ‘एएमडी तापतो’ हा शेरा तेव्हा सर्रास ऐकू येई. तो अगदीच निराधार नव्हता. २००१ साली एका परीक्षणात चालू प्रोसेसरांवरचे थंडाव्याचे साधन मुद्दाम काढण्यात आले, तेव्हा पेन्टियम फोर नुसता मंदावला. ॲथलॉन जळून गेला. अर्थात चालत्या संगणकातून ते काढण्याचा उद्योग घरी कोण करतो म्हणा!

२३ सप्टेंबर २००३ रोजी ॲथलॉन ६४ आला आणि सामना खरा रंगला. त्याचा ३२००+ हा नमुना दोन गिगाहर्ट्झचा; समोर पेन्टियम फोर ३.२ गिगाहर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला एकशेवीस कोटी ठोके कमी, तरीही बहुतेक खेळांत ॲथलॉन पुढे. एएमडीने ह्या वेळी मेमरीशी बोलणारा भाग प्रोसेसरच्याच चकतीवर आणला होता. सारणाचा डबा माजघरातून उचलून हाताशी ठेवावा तसे. २००४ साली डूम थ्री आणि हाफ-लाइफ टू हे गाजलेले खेळ आले, त्यांतही त्याची सरशी झाली. चित्रफितींच्या कामात पेन्टियमने आपली जागा राखली. ६४ बिटांची रचना जुन्या आज्ञांशी जुळती ठेवण्याची एएमडीची कल्पना तर पुढच्याच वर्षी इंटेलनेही उचलली.

आणि इंटेल काय करीत होती? ओळ आणखी लांबवीत होती. फेब्रुवारी २००४ मधल्या नव्या पेन्टियम फोरमध्ये टप्पे झाले एकतीस. आता तापण्याची पाळी ह्याची आली. ३.८ गिगाहर्ट्झच्या नमुन्याची मर्यादा ११५ वॅट. जुन्या शंभराच्या दिव्याहून अधिक, आणि तो उष्मा नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढायचा! चार गिगाहर्ट्झचा पेन्टियम येणार म्हणून घोषणा झाली होती; ती ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट ह्यांनी फ्लॉरिडातल्या एका भरल्या सभेत गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. थट्टेनेच मागितली, तरी एवढ्या बलाढ्य कंपनीच्या अधिपतीला असे करावे लागावे!

इंटेलला वाट सापडली ती इस्राएलमधल्या हैफा येथे. तेथील मंडळी बॅटरीवर चालणाऱ्या संगणकांसाठी पेन्टियम थ्रीच्याच वळणाची आखूड ओळ सुधारीत बसली होती, कारण बॅटरीला उधळपट्टी सोसत नाही. त्या वंशातला कोअर टू ड्युओ २७ जुलै २००६ रोजी विक्रीस आला. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या नमुन्याने बहुतेक खेळांत एएमडीच्या २.८ गिगाहर्ट्झच्या बिनीच्या प्रोसेसरला मागे टाकले. कमी ठोक्यांचा पैलवान पुन्हा जिंकला, फक्त ह्या खेपेस तो दुसऱ्या तालमीचा होता. एएमडीला त्याच महिन्यात आपल्या किमती भराभर उतरवाव्या लागल्या, आणि ज्यांनी त्या वर्षीची खरेदी दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकली होती, त्यांची दोन्हीकडून चंगळ झाली.