माथेरानचा शोध कोणी लावला?

माथेरानच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १८५० च्या मे महिन्यापासून करतात. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. एका संध्याकाळी ते फिरत फिरत अर्ध्या डोंगरापर्यंत गेले आणि झाडी पाहून लोभावले. दुसऱ्या दिवशी बंदूक व पाण्याची बाटली घेऊन, गावच्या पाटलाला सोबतीला घेऊन, ते ओढ्याच्या घळीतून माथ्यावर पोहोचले. पुढे त्यांनी तेथे बंगलाही बांधला. हाच तो प्रसिद्ध ‘शोध’!

आता याच हकीकतीतील एक बारीक गोष्ट पाहा. साहेब चढले घळीने, पण उतरले रामबागेच्या वाटेने. आणि ही वाट म्हणजे माथ्यावरून चौकला येण्याचा त्या काळचा रहदारीचा रस्ता होता, असे ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियरच सांगते. रहदारी कोणाची? ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत आले आहेत. वाट मळते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी. शिवाय पाटील बरोबर होताच. त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. माथेरान हे नावही साहेबाचे नव्हे. ‘माथ्यावरचे रान’ ही रूढ व्युत्पत्ती खरी मानली, तर ते पायथ्याशी उभे राहून वर पाहणाऱ्याने दिलेले दिसते.

मग या डोंगराला जुना इतिहास का नाही? मला वाटते, त्याच्यावर गड नाही म्हणून. समोरच्या प्रबळगडाला तो मान मिळाला. माथेरान उंचीने बेताचे, सुमारे ८०० मीटर. वर तट नाही, बुरूज नाही, नुसते जांभळीचे आणि अंजनीचे रान. वन ट्री हिलवरून उतरणाऱ्या वाटेला ‘शिवाजीची शिडी’ म्हणतात खरे. पण अवघड वाट दिसली की तिला महाराजांचे नाव जोडण्याची आपल्याकडे रीतच आहे. नाव म्हणजे पुरावा नव्हे.

१९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळहून सुमारे २० किलोमीटरची दोन फुटी रेल्वे वर नेली. नेरळ हा माथेरानचा दरवाजा झाला आणि बाकीच्या वाटा परसदाराच्या ठरल्या. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा रूळमार्ग वाहून गेला व गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. पायवाटांना मात्र कोणाच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही.

भिवपुरीकडून गारबट पॉइंटला येणारी सोंड, चौकच्या अंगाची रामबाग, पश्चिमेला धोदाणीहून सनसेट पॉइंटला चढणारी वाट, या सर्व आजही चालू आहेत. सुटीच्या दिवशी मुंबईची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून त्या चढतात. निम्म्या चढावर ती धापा टाकत दगडावर बसली, म्हणजे डोक्यावर ओझे घेतलेली ठाकरीण त्यांना बाजूला सरायला सांगते आणि पुढे निघून जाते.