रब्बीचा चारा : ज्वारी, मका की ओट? आधी पेरणीची तारीख पाहा

खरिपाचं पीक निघालं, रान मोकळं झालं, आता जनावरांसाठी काय पेरायचं? इथे निवड चुकली, तर उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो आणि दुधाचा सगळा हिशेब बिघडतो. महाराष्ट्रात रब्बीत चाऱ्यासाठी प्रामुख्याने तीन तृणधान्यं घेतली जातात. त्यातलं कोणतं घ्यायचं, हे बरंचसं पेरणीच्या तारखेवर ठरतं.

तारीख का महत्त्वाची?

ज्वारी आणि मका उबदार हवेत वाढतात. थंडी वाढली की त्यांची उगवण आणि वाढ मंदावते. ओटचं उलट आहे. त्याला थंडी मानवते, उन्हाचा तडाखा सोसत नाही.

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर : ज्वारी

कोरडवाहू रानासाठी हा पहिला पर्याय. मालदांडीसारख्या वाणातून धान्य आणि कडबा दोन्ही मिळतात. फार लवकर पेरली तर खोडमाशीचा धोका वाढतो, उशीर झाला तर जमिनीतली ओल कमी पडते.

ऑक्टोबर ते नोव्हेंबर : मका

पाण्याची सोय असेल तर 'आफ्रिकन टॉल' हा चाऱ्याचा वाण घेता येतो. एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं. कणसं चिकात असताना कापणी केली की मुरघासही चांगला होतो. पेरणी मात्र कडाक्याच्या थंडीआधी उरकावी.

नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा : ओट

थंडी पडल्यावर पाणी असलेल्या रानात ओट सरस ठरतो. 'केंट', 'फुले हरिता' हे त्याचे वाण. एकरी सुमारे ४० किलो बियाणं लागतं. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर वर करावी, म्हणजे फुटवे येऊन दुसरी कापणी मिळते.

त्याहून उशीर झाला तर?

दुसऱ्या कापणीच्या वेळेस ऊन वाढलेलं असतं, त्यामुळे ओटची एकच कापणी गृहीत धरावी. जानेवारी उजाडला असेल, तर थांबून फेब्रुवारीत उन्हाळी मका पेरलेला बरा.

हे विसरू नका

कोवळी ज्वारी जनावरांना घालू नये. तिच्यातल्या घटकापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. त्यालाच 'किराळ लागणं' म्हणतात. जनावर दगावूही शकतं. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत हा धोका जास्त असतो. हिरवी वैरण म्हणून ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी.