अंगणातला दिवा

१९३५ साली अमेरिकेतली शहरे विजेने झगमगत होती, पण दहापैकी जवळजवळ नऊ शेतघरांत वीज नव्हती. विरळ वस्तीत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. त्याच वर्षी ११ मे रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले. १९३६च्या कायद्याने कमी व्याजाचे सरकारी कर्ज मिळू लागले आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून खांब रोवले.

पुढे गोठ्यासमोर रात्रभर जळणारा पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. २००८पासून त्याच्या बॅलास्टचे उत्पादन आणि आयात अमेरिकेत कायद्याने बंद झाली. मग याच संस्था जुने दिवे उतरवून एलईडी लावू लागल्या. १७५ वॅटचे काम पन्नासेक वॅटमध्ये होऊ लागले.

बचत खरीच. पण पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो. तो झोप बिघडवतो, चांदणे पुसतो. म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली सल्ला दिला: रस्त्यावरचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळसर असावेत, वरून झाकलेले असावेत.

आजोबांनी उजेडासाठी खांब रोवले. नातवंडांना त्याच खांबावरचा दिवा बदलताना आकाशापुरता अंधार राखायचा आहे. आपल्या गावातही नवा दिवा लागेल, तेव्हा वॅटबरोबर एवढे जरूर पाहावे, की उजेड वाटेवर पडतो की आभाळात.