भिंतीला चिकटलेली हवा

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली बजाजची चेतक बाहेर पडली. तिचं इंजिन मागच्या चाकाशेजारी उजव्या बाजूला, पत्र्याच्या आड. गाडी कितीही पळाली तरी समोरचा वारा तिथे नीट पोचत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती होती आणि त्या पंख्याचा वारा एका कव्हरातून थेट सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, सोडलेला होता. डबलसीट घाट चढताना हा वारा कमी पडला, की मेकॅनिक एवढंच म्हणायचा: पिस्टन धरला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला.

वारा वाढवला की काम भागेल, असं वाटतं. खरी अडचण मात्र धातूला लागूनच असते. फिनला टेकलेली हवा हलत नाही आणि तिच्यालगतचा, मिलिमीटरहूनही पातळ थर संथपणे सरकतो. उष्णतेला आधी तो ओलांडावा लागतो आणि हवेतून उष्णता धातूपेक्षा हजाराहून अधिक पटींनी कमी वाहते. थराच्या पलीकडे मात्र भोवरे उठतात आणि ऊब भराभर उचलून नेतात. लुडविग प्रांटलने १९०४ साली हायडेलबर्गच्या परिषदेत या सीमाथराची कल्पना मांडली.

पुण्याजवळच्या आकुर्डी-दापोडी पट्ट्यातल्या कारखानदारीने हा थर नाना तऱ्हांनी मोडला. दापोडीच्या आल्फा लावलचे प्लेट हीट एक्स्चेंजर पाहा. पातळ पत्र्यांवर तिरके कंगोरे दाबलेले असतात. वाहणारं दूध किंवा पाणी त्यांच्यावर आपटून सतत घुसळत राहतं, त्यामुळे संथ थराला जाड व्हायला उसंतच मिळत नाही.

पण थरातून किती उष्णता जाईल, हे आधी गणिताने कसं सांगायचं? त्या उत्तरात पुण्याचा मोठा वाटा आहे आणि तो पुण्यातच फारसा ठाऊक नाही, याची खंत वाटते. १९४१ साली पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवीधर झाले. पुढे मुंबईच्या आयआयटीतून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले. सीमाथरातली उष्णता संगणकावर टप्प्याटप्प्याने मोजण्याची दोघांची पद्धत १९६७ साली पुस्तकरूपाने आली. पाठोपाठ १९७२ साली, चेतकच्याच वर्षी, प्रवाहाचं गणित सोडवणारा त्यांचा ‘सिंपल’ अल्गोरिदम प्रसिद्ध झाला. लाँडर या संशोधकासोबत स्पाल्डिंग यांनी १९७४ साली ‘वॉल फंक्शन’ रूढ केलं: भिंतीपर्यंत हिशेबाच्या बिंदूंची बारीक जाळी विणत बसायचं नाही, पहिला बिंदू थोडा दूर ठेवायचा आणि मधलं अंतर सूत्राने सांधायचं. हिशेब आवाक्यात आला, तो या सोयीमुळे.

बजाजनेही पुढे हवेऐवजी पाण्याचा आधार घेतला: चाकणमध्ये २०१२ साली पाण्याने थंड होणारी पल्सर २०० एनएस तयार होऊ लागली. आकुर्डीतलं उत्पादन त्याआधीच, २००७ साली थांबलं होतं.

घरी जुनी चेतक असेल, तर फिन्समधला चिखल जरूर काढा. मात्र सिलिंडरवरचं कव्हर परत बसवल्याशिवाय गाडी चालवू नका. ते नसेल तर पंख्याचा वारा बाहेरच्या बाहेर निघून जातो.