येडा, खुळा, पिसा, हुच्च : हे शब्द आले कुठून?

येळ्ळूर : कट्ट्यावर कुणी उलटसुलट बोललं की एकजण म्हणतो, "खुळं हैस काय रे?" दुसरा म्हणतो, "येडा झालास काय?" तिसरा सरळ कानडीतला 'हुच्च' काढतो. अर्थ एकच, पण शब्दांची घराणी वेगळी.

'येडा' म्हणजे प्रमाण मराठीतला 'वेडा'च. बोलीत सुरुवातीच्या 'वे'चा 'ये' होतो. वेळ-येळ, वेल-येल, तसा वेडा-येडा. म्हणजे हा अशुद्ध शब्द नव्हे, बोलीच्या नियमानं घडलेला आहे.

'खुळा' त्या मानानं सौम्य. त्यात वेडापेक्षा भोळेपणा जास्त. 'नवीन खूळ' म्हणजे नवा नाद.

'पिसा' आला संस्कृत 'पिशाच'वरून. ज्याला भुतानं झपाटलं तो पिसा. कुत्रं 'पिसाळतं' तेही याच मुळातून. संतांनी मात्र भक्तीत भान हरपण्याला 'पिसे' म्हटलं आणि शब्दाला मान दिला. 'बावळा'चं मूळ 'वातुल', म्हणजे वातानं बिघडलेला.

'हुच्च' हा कन्नड 'हुच्चु'. जुन्या कन्नडमधल्या सुरुवातीच्या 'प'चा पुढं 'ह' झाला. 'पाल्'चं 'हालु' (दूध), 'पुलि'चं 'हुलि' (वाघ), तसंच 'पुच्चु'चं 'हुच्चु'. तेलुगूतला 'पिच्चि' याचाच भाऊबंद.

इंग्रजीतही तीच गत. 'लुनॅटिक' हा शब्द लॅटिनमधल्या चंद्राच्या नावावरून आला. 1912 च्या कायद्यात तोच शब्द होता. 1987 च्या कायद्यानं तो काढला आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा रुग्णाचा हक्क ठरवला.

भूत, वात, चंद्र. कारण कळत नव्हतं, तेव्हा माणसानं जे सुचलं त्यावर बोट ठेवलं, आणि ते शब्दात राहून गेलं. अडचण अशी, की शब्दातलं भूत अजून काही घरांतनं गेलेलं नाही. आधी मांत्रिक, मग डॉक्टर, यात उपचाराचे महिने वाया जातात.

थट्टेत 'खुळा' म्हटलं तर मित्र रागावत नाही. पण घरातलं माणूस झोपत नसेल, एकटंच बोलत असेल, तर त्याला 'येडा' नव्हे, 'आजारी' म्हणावं. आपल्या भागाला धारवाडचं मानसिक आरोग्य रुग्णालय जवळ आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तो सीमेच्या अलीकडंही लागतो, पलीकडंही.