खाजगी शाळांची शासकीय तपासणी

खाजगी व्यवस्थापनाखालील शाळेचा दर्जा शासनाने आपल्या अधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष पाहून ठरविण्याची पद्धती. शाळेला मान्यता द्यावी काय, अनुदान किती द्यावे आणि अध्यापनात कोणत्या सुधारणा सुचवाव्यात, हे प्रश्न तपासणीतून सुटावेत अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग खाजगी संस्थांनी उभारला; त्यामुळे येथील तपासणीचा इतिहास हा बव्हंशी शासन व या संस्था यांच्या संबंधांचा इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशनची स्थापना झाली. या मंडळाच्या काळात बाळशास्त्री जांभेकर व दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी शाळा-तपासणीचे काम केले. तथापि तपासावयाच्या शाळा मुख्यतः मंडळाच्याच होत्या. खाजगी शाळांच्या तपासणीला निश्चित अधिष्ठान लाभले ते १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्यामुळे. प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते व निरीक्षकवर्ग असावा आणि तपासणी मान्य करणाऱ्या खाजगी शाळांना अनुदान द्यावे, असे त्यात सांगितले होते. शाळेतील धार्मिक शिक्षणाची दखल निरीक्षकाने घेऊ नये, केवळ ऐहिक विषयांचे शिक्षण तपासावे, हे बंधनही त्यात होते. पुढील वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. अनुदान आणि तपासणी यांची सांगड अशा रीतीने प्रारंभापासूनच पडली.

ही सांगड निकालानुसार अनुदान देण्याच्या पद्धतीत अधिक घट्ट झाली. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने विद्यार्थ्यांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित यांतील यश यांवर अनुदान ठरविण्यास सुरुवात केली. मुंबई इलाख्यानेही त्याच दशकात हे तत्त्व स्वीकारले. निरीक्षक मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येनुसार शाळेची रक्कम ठरे. सार्वजनिक पैशाचा हिशेब देण्यास ही रीत सोयीची होती. परंतु निरीक्षक सल्लागार न राहता परीक्षक झाला आणि शिक्षकाचे लक्ष घोकंपट्टीकडे वळले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे इंग्लंडमध्ये १८५१ ते १८८६ या काळात शाळा-निरीक्षक होते. त्यांनी याच कारणास्तव या पद्धतीस विरोध केला. भारत सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने तिचे दोष मान्य केले आणि त्यानंतर ती मागे पडली.

हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या तपासणीचा प्रश्न उपस्थित केला. डेप्युटी निरीक्षकाने वर्षातून एकदा परीक्षेसाठी येण्याचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी आणि पूर्वसूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. गावकामगार व जिल्ह्यातील इतर अधिकारी यांच्यावर हे काम सोपविण्यासही त्यांचा आक्षेप होता. कारण इतर कामांच्या व्यापामुळे त्यांची तपासणी वरवरची होई. पूर्वसूचनेने केलेली तपासणी शाळेचा नित्यक्रम पाहत नाही, तिने केलेली तयारी पाहते, हा या सूचनेतील मुख्य आशय होय.

तपासणी स्वीकारणे म्हणजे शासनाचा अंकुश स्वीकारणे, ही जाणीवही याच काळात बळावली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक प्रभृतींनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात सुरू केलेले न्यू इंग्लिश स्कूल प्रारंभी सरकारी अनुदानाविना चालले. विल्यम हंटर यांनी १८८२ मध्ये तेथे भेट देऊन शाळेची प्रशंसा केली. अनुदान नसतानाही शाळा गुणवत्ता राखू शकते, याचे ते उदाहरण ठरले. उलटपक्षी, विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगाव येथील समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. तेथे शाळेची शैक्षणिक योग्यता हा प्रश्न नव्हता, राजनिष्ठा हा होता.

हारटॉग समितीने १९२९ मध्ये निरीक्षकांची अपुरी संख्या निदर्शनास आणली. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) तपासणी यांत्रिक झाल्याचे सांगून अनुभवी मुख्याध्यापक व शिक्षक यांचा समावेश असलेल्या पथकाकडून ती करून घेण्याची शिफारस केली. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रशासन व मार्गदर्शन ही कामे वेगळी करण्यावर भर दिला. ज्याच्या हाती मान्यता काढण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढे शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने मांडत नाही, हे या भूमिकेमागील कारण आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून कार्यान्वित झाल्या. जिल्हा पातळीवर प्राथमिक व माध्यमिक असे स्वतंत्र शिक्षणाधिकारी असून त्यांच्या खाली गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख ही रचना आहे. मुंबई–गोवा महामार्गावरील खांब (ता. रोहे, जि. रायगड) यासारख्या गावातील खाजगी माध्यमिक शाळा अलिबाग येथील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याच्या कक्षेत येते, त्यावर मुंबई विभागाचे शिक्षण उपसंचालक असतात. मान्यतेच्या व अनुदानाच्या अटी माध्यमिक शाळा संहितेत आहेत. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने ठरविल्या आहेत. साहजिकच वर्गातील अध्यापनापेक्षा हजेरीपट, सेवापुस्तके व जमाखर्च यांच्या पडताळणीत तपासणीचा बराच वेळ जातो.

पटसंख्येवर शिक्षकपदे व अनुदान अवलंबून असल्याने खोटी पटनोंदणी होऊ लागली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली. निकालावर पैसा मिळत असताना घोकंपट्टी वाढली होती. पटावर पैसा मिळू लागल्यावर पट फुगला.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) मान्यतेसाठी वर्गखोल्या, शिक्षकसंख्या, पाणी, स्वच्छतागृहे इत्यादींचे किमान निकष घातले. विद्यार्थ्यांच्या संपादणुकीचा निकष त्यांत नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखालील शाळांना अनुदान नसल्याने तपासणीचे जुने साधन तेथे उरले नाही. २०१५ पासूनच्या ‘शाळासिद्धी’ उपक्रमात सात क्षेत्रांत शाळेने स्वयंमूल्यमापन करावे व त्याची बाह्य पडताळणी व्हावी, अशी योजना आहे. स्वयंमूल्यमापनातून शाळेला स्वतःच्या उणिवा दिसू शकतात. परंतु बाह्य पडताळणी नियमित व जाणत्या व्यक्तींकडून झाली नाही, तर भरलेला तक्ता हाच दर्जाचा पुरावा ठरतो. निरीक्षकाने वर्गात बसून पाहावे, पुन्हा यावे आणि दिलेल्या सूचनेचे काय झाले ते विचारावे, ही फुले यांच्या निवेदनातून निघणारी अपेक्षा कोणत्याही मानांकनाने अनावश्यक ठरलेली नाही.