वैद्यकीय आढावा : एकसारख्या नोंदींचे महत्त्व

जालना जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या स्त्रीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी करावी, याचे उत्तर एकट्या संशोधनातून मिळत नाही. एखाद्या विषयावरील सर्व संशोधने ठरलेल्या निकषांनी शोधून, पारखून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीस 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' अर्थात पद्धतशीर आढावा म्हणतात. प्रत्येक शोधनिबंधातील माहिती एकाच साच्यात उतरवून घेणे, हा त्यातील सर्वांत किचकट टप्पा होय.

तीन भारतीय चाचण्यांवरून त्याचे महत्त्व ध्यानात येते. अ‍ॅसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी तिन्ही ठिकाणी झाली. तमिळनाडूतील दिंडिगुल येथे (२००७) या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी, तर मुंबईत (२०१४) ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मराठवाड्यातील तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात (२००९) मात्र या तपासणीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. तेथे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

केवळ टक्केवारी टिपली, तर चाचण्यांमधील भेद नजरेआड होतात. मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तपासणी झाली. उस्मानाबादेत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एकदाच. म्हणून वय, फेऱ्या, पाठपुराव्याचा काळ आणि मृत्यू यांचे स्वतंत्र रकाने आवश्यक ठरतात.

दुसरा धोका छेदाचा. उस्मानाबादच्या एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या तुलना गटात ३१,४८८ स्त्रियांत ६४. पहिल्या संख्येत बोलावूनही न आलेल्या स्त्रियाही आहेत. एका निबंधातून गटातील सर्व स्त्रिया आणि दुसऱ्यातून फक्त तपासलेल्या स्त्रिया घेतल्यास तुलनाच फसते. याच चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष २००५ मध्येही प्रसिद्ध झाले होते. ते वेगळी चाचणी म्हणून धरल्यास त्याच स्त्रिया दोनदा मोजल्या जातात.

यासाठी नोंदीचा तक्ता आधी काही निबंधांवर वापरून पाहतात. मग दोन व्यक्ती परस्परांच्या नोंदी न पाहता तो भरतात. तफावत आढळल्यास चर्चेने, नाहीतर तिसऱ्या तज्ज्ञाच्या मताने निर्णय होतो. निबंधात नसलेली माहिती मूळ संशोधकांकडे मागतात. अंदाजाने रकाना भरत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी डोळ्यांनी तपासणी सुचविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. अशा निर्णयांमागील आकडा चुकीच्या रकान्यात पडला, तर त्याची किंमत गावातील स्त्रीला मोजावी लागते.